यशीमावशींची पांढरी प्लेट

यशीमावशी कुठलीही प्लेट बघितल्याशिवाय टाकत नसत. जव्हारच्या आमच्या कॉलेजात त्या प्रयोगशाळेच्या मदतनीस. जिवाणू वाढवलेल्या प्लेट निर्जंतुक करायला नेण्याआधी एकेक प्लेट बंद झाकणानिशी खिडकीच्या उजेडात धरायच्या. "जितं हाय का काय, बघाया नको?" मी वैतागायचे. अहो, मारायलाच तर नेताय!

माझी पीएचडी कातळावरच्या नारिंगी जिवाणूंवर होती. अतिनील दिव्याखाली साधे जिवाणू मरत, हे टिकत. रंगच त्यांची ढाल, असं मी मार्गदर्शकांना ठणकावून सांगितलं होतं, प्रकरणंही लिहून तयार होती. आता त्याच जिवाणूचा रंग हरवलेला पांढरा वाण दिव्याखाली ठेवायचा, तो मेला की झालं.

पठ्ठ्या जगला! नारिंगीपेक्षा कमी, पण चांगला जगला. म्हणजे ढाल नुसत्या रंगाची नव्हती! प्लेट मुकाट्याने टाकायच्या डब्यात घातली आणि वहीत लिहिलं, 'खराब झाली'.

मावशींनी ती बाहेर काढली. "बाय, ही का टाकली?"

"खराब झाली, मावशी."

"खराब कुठं? पांढरी जिती हायेत."

"रंगाशिवाय जगायला नको होते ते!"

मावशी हसल्या. "आमी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो ना, पालापाचोळा पेटवून, वरचं सगळं जळतं. तरी हरळी येतेच. ती काय रंगानं येते? आत मूळ असतं तिचं."

असा राग आला! माझी तीन वर्षं पाण्यात आणि ही बाई हरळी सांगतेय. पण वहीतलं 'खराब' मी खोडलं. प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच. मग आतलं मूळ शोधायला लागले. अतिनील किरणांनी तुटलेला डीएनए सांधता न येणारा वाण नारिंगी असूनही पटापट मेला. रंग मदत करतो, पण जगवते ती दुरुस्ती. प्रबंध वर्षभर लांबला. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, "रंग नसलेला वाण तपासलात?" मी वही पुढे केली.

आता मी याच कॉलेजात शिकवते. यंदा मावशी गेल्या. त्यांच्या गावी, खोडाळ्याला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी डब्याशी उभी होती. "मॅडम, ही खराब झालीय, टाकते."

"थांब!" मी ओरडले. "जितं हाय का काय, बघाया नको?"

बाकीच्या मुली फिसकन हसल्या. मी प्लेट घेऊन खिडकीशी गेले आणि रडू आवरेपर्यंत ती उजेडात धरून उभी राहिले.