इंजिनासाठी बांधलेले विमान

"बाई, तुमचा हात थरथरतो का हो?"

आदरणीय सोनवणे सरांनी मला उद्देशून उच्चारलेले हे पहिले वाक्य. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पिंपळवंडीच्या शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते आणि पहिल्याच दिवसाची मधली सुट्टी चालू होती. नव्या बाईंचे माहेर कुठले, शिक्षण कुठे झाले, हे विचारायचे सोडून विज्ञानाचे हे शिक्षक हात थरथरतो का विचारतात, म्हणून मी जरा घुश्शातच "नाही" म्हटले. "मग या," म्हणाले, आणि प्रयोगशाळेकडे चालू लागले.

प्रयोगशाळेत चार टेबले जोडून त्यांवर एक विमान ठेवले होते. खेळण्यातले म्हणावे, तर मी दोन्ही हात पसरले तरी त्याचे पंख बाहेर उरले असते. त्याच्या डाव्या पंखापाशी एक जागा माझ्यासाठी रिकामी होती. उजव्या पंखाखाली एक गृहस्थ आधीच बोट लावून उभे होते. ते माझेच यजमान निघाले! मला शाळेच्या फाटकाशी सोडून "बागेत लई काम हाय" असे सांगून गेलेले बबनशेठ बागेत न जाता इथे पोहोचले होते. सरांनी मला पंखाखालची खडूची खूण दाखवली, तिथे फक्त एक बोट लावायला सांगितले, आणि स्वतः दूर जाऊन एक डोळा मिटून बघू लागले. आम्ही दोघांनी विमान उचलले. नाक किंचित खाली करून ते हवेत स्वस्थ राहिले. "झालं. जेवा आता," सर म्हणाले. त्या दिवसापासून सरांच्या विमानाचा तराजू म्हणजे आम्ही नवरा-बायको, अशी आमची शाळेत ओळख झाली.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. मी लिहिणार आहे ते रेडिओवर चालणाऱ्या त्यांच्या विमानांविषयी. सर माणूस म्हणून कसे आहेत हे मला त्या विमानांपाशीच कळले.

सरांचे मूळ गाव डिंभ्याच्या बाजूला. वडील शेती सांभाळून घोड नदीत मासे धरत, आणि जाळे तरंगते राहावे म्हणून त्याला पांगाऱ्याच्या लाकडाचे तुकडे बांधत. हे लाकूड किती हलके असते हे सरांना तेव्हापासून ठाऊक. पुढे विमाने करायचा नाद लागला तेव्हा परदेशी लाकूड कुठून परवडणार? सरांनी पांगारा, बांबू आणि शिंप्याकडचे अस्तराचे कापड यांवर भागवले. रेडिओचा संच तेवढा पुण्याहून आणला. इंजिन मात्र आमच्या घरचे होते. द्राक्षबागेवर औषध मारायचा पाठीवरचा जुना पंप बबनशेठ भंगारात टाकणार होते. सरांनी त्याचे पेट्रोल इंजिन काढून घेतले, नको ते भाग उतरवले, त्याला हाताने तासलेला पंखा बसवला आणि विमानाच्या नाकात बसवून टाकले. ते सुरू झाले की गावातली कुत्री एकजात ओढ्यापलीकडे जात.

मुले नेहमी विचारायची, "सर, सगळ्यात भारी इंजिन कुठलं?" सरांचे उत्तर ठरलेले असे, "आधी विमान सांग." मग फळ्यावर आकृती काढून समजावत. इंजिन नुसते ओढत नाही, ते नाकातले वजनही असते. पंपाचे इंजिन जड आहे, पण या विमानाचे नाक आखूड आहे, म्हणून ते जडपण इथे कामाला येते. तोल बघायचा तो टाकी रिकामी ठेवून, कारण उतरताना पेट्रोल संपत आलेले असते आणि टाकी नाकाकडे असते. मराठीच्या मला हे सगळे पाठ झाले, यावरून सर कसे शिकवत असतील याची कल्पना यावी.

धोक्याच्या बाबतीत सर कडक होते. फिरत्या पंख्याने एकदा त्यांच्या तर्जनीचे टोक फाडले होते. तो व्रण ते दरवर्षी नव्या वर्गाला दाखवत आणि म्हणत, "विज्ञानाच्या मास्तरला पण सोडलं नाही बघा यानं." माणसांच्या डोक्यावरून त्यांनी कधी विमान नेले नाही. बघायला आलेल्यांनी सरांच्या पाठीमागेच उभे राहायचे, मग तो सरपंच असो की शाळा तपासायला आलेला साहेब.

आणि स्वभाव? माझी आई आजारी पडली तेव्हा मला महिना-दीड महिना रजा घ्यावी लागली. माझे तास कोण घेणार यावर शिक्षकांच्या खोलीत सगळे खिडकीबाहेर बघू लागले. सरांनी ते स्वतःकडे घेतले. मी परत आले तेव्हा मुलांना कविता तोंडपाठ होत्या आणि प्रत्येक कवितेखाली 'साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान' असे लिहिलेले होते! मी हसले, आणि मग घरी जाऊन थोडी रडलेही. आईच्या आजारपणात माझा एकही वर्ग मागे पडू दिला नव्हता त्या माणसाने.

आता ज्या प्रसंगासाठी मी लेखणी उचलली तो सांगते. बबनशेठची परवानगी आहे.

आपल्या मित्राचे विमान फवारणीच्या पंपावर उडते, ही गोष्ट यजमानांना आत कुठेतरी खुपत होती. माझा एक भाचा आखातात नोकरीला होता. त्याच्यामागे लकडा लावून बबनशेठनी खास मोठ्या विमानांसाठी बनवलेले एक परदेशी इंजिन मागवले. टॉवेलात गुंडाळून, कपड्यांच्या बॅगेतून ते आले. आधी ओझरला विघ्नहराच्या पायाशी ठेवले, जास्वंदीचे फूल वाहिले, आणि मग सरांच्या हाती दिले. सरांनी ते हातात घेऊन किती वेळ नुसते फिरवून पाहिले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिला असेल.

पंधरवड्यावर चैत्राची जत्रा होती. बैलगाड्यांच्या शर्यती संपल्या की परदेशी इंजिनावरचे विमान उडणार, हे बबनशेठनी पंचक्रोशीत जाहीर करून टाकले. सरांना विचारले होते का? विचारले होते, आणि सर "तोल बसला तर" म्हणाले होते. यजमानांनी त्यातला 'तर' ऐकलाच नाही.

इंजिन बसवायला घोडेगावहून एक सुटा भाग यायचा होता, तो आला जत्रेच्या आदल्या दिवशी. जत्रेच्या सकाळी आम्ही दोघांनी खुणेवर बोटे लावून विमान उचलले, आणि शेपूट धपकन टेबलावर बसले.

"नवं इंजिन हलकं आहे," सर म्हणाले.

"हलकं हाय ते चांगलंच की वो सर! इमानाला हलकंच पायजेल ना?"

"एकूण विमान हलकं पाहिजे शेठ. नुसतं नाक हलकं झालं तर शेपूट बसतं. असं उडवलं तर हातात राहणार नाही."

"मंग नाकात शिसं भरा. आत्ता आणतो."

"शिसं भरून तोल बसेल. पण मग वजन होतं तेवढंच होणार, आणि जोर दुप्पट. पंखांचा सांधा मी पंपाच्या जोराला बेतून केलाय. सुटला तर? जत्रेत मोकळी जागा कुठे आहे? चारी बाजूंना माणसं असणार."

जुने इंजिन परत चढवायचे तर नाकाची फळी नव्याने करावी लागणार होती. संध्याकाळपर्यंत ते होणे नव्हते. यजमानांचा चेहरा उतरला. "सर, मी गावाला शबुद दिलाय. माझी पार इज्जत जाईल."

"तुमची नाही जाणार," सर म्हणाले.

संध्याकाळी शर्यती संपल्यावर सर स्वतः ध्वनिक्षेपकापाशी गेले. म्हणाले, "बबनशेठनी आणलेलं इंजिन उत्तम आहे. माझं विमान त्याला पुरं पडत नाही. चूक माझी आहे. आज विमान उडणार नाही." लोकांनी शिट्ट्या मारल्या. "मास्तर, पतंग तरी उडवा!" असे कुणीतरी ओरडले. सरांनी हात जोडले आणि खाली उतरले. सगळा कमीपणा त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला होता. पण रागावलेल्या माणसाला ते कसे दिसावे? बबनशेठ तिथून तडक घरी आले, आणि त्या दिवसापासून त्यांनी सरांशी बोलणे टाकले. रस्त्यात सर दिसले की मोटरसायकल पाणंदीत घालायची. एरवी आमच्या ओट्यावरून जाता-येता "जयभीम सर!" अशी हाक जायची, ती बंद झाली.

गावात काहींनी या अबोल्याला भलताच रंग द्यायचा प्रयत्न केला. सरांच्या वस्तीतले दोघे-तिघे आणि आमच्या भावकीतले दोघे-तिघे, दोन्हीकडे काड्या घालणारे होतेच. सरांनी त्यांना एका वाक्यात वाटेला लावले, "आमचं भांडण शिशावरून आहे, तुम्ही त्यात पडू नका." भावकीतल्यांना आमच्या ह्यांनी काय ऐकवले ते या ग्रंथात छापण्यासारखे नाही. एकमेकांशी न बोलणारी ही दोन माणसे त्या बाबतीत मात्र एकाच सुरात बोलली, याचा मला फार आधार वाटला.

तरी घरात मला चैन नव्हते. शाळेत सर, घरी हे, आणि मध्ये मी. एकदा न राहवून मी सरांना म्हटले, "ते इंजिन परत तरी करा. आमच्याकडे रोज त्याचाच जप चालतो."

"परत कसं करू? त्याच्यासाठी विमान बांधतोय," सर म्हणाले. "विमानाला इंजिन शोधतात सगळे. मी या वेळी उलटं धरलंय. इंजिन आहे तेच ठेवायचं, बाकी सगळं त्याच्या मापाचं करायचं."

आणि खरोखरच सुट्ट्यांमागून सुट्ट्या ते त्यातच गढलेले असत. नव्या विमानाचे नाक लांब होते, म्हणजे हलके इंजिन पुढे राहून तोल धरील. पंखांचे सांधे दुहेरी होते. मी घरी येऊन सांगे. हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरत आणि म्हणत, "मला काय करायचंय?" मग दोन मिनिटांनी वर्तमानपत्रामागून आवाज येई, "नाक किती लांब म्हनलीस?"

विमान पुरे झाले तेव्हा दोन हजार साल उलटून गेले होते. राहिले होते फक्त तोल बघायचे. मी म्हटले, चित्रकलेच्या सरांना बोलावते. सोनवणे सर म्हणाले, "नको. उजव्या पंखाला शेठचं बोट पाहिजे. थांबू आपण." मी घरी निरोप दिला. हे वर्तमानपत्रामागे गेले. आठवडे गेले, विमान टेबलावर पडून, त्यावर चादर घातलेली. सरांची निवृत्ती जवळ येत होती. ती झाली की प्रयोगशाळा सुटणार, आणि मग ही दोन माणसे एका छपराखाली यायला निमित्तच उरणार नाही, या विचाराने माझी झोप उडाली होती.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या दारात चपला वाजल्या. "शाळंची पान्याची मोटर बिघडली म्हनून ऐकलं," बबनशेठ म्हणाले. मोटर बाहेर धडधड चालू होती. ती सगळ्यांनाच ऐकू येत होती.

"जयभीम, सर."

"या शेठ. खूण दिसतेय ना?"

समेटाची बोलणी झाली ती एवढीच. हे उजव्या पंखाशी गेले, मी डाव्या. सर लांब जाऊन एक डोळा मिटून उभे राहिले. आम्ही उचलले. विमान उठले, नाक जरासे खाली, आणि थांबले.

"शिसं?" ह्यांनी विचारले.

"एक गुंजसुद्धा नाही."

ह्यांनी विमान खाली ठेवले आणि पाठ फिरवून नाक शिंकरले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेमागच्या माळावर ते उडाले. आम्ही पाच-सात जण सरांच्या पाठीमागे उभे होतो. आवाज पंपासारखा कर्कश नव्हता. दोन फेऱ्या घेऊन विमान अलगद उतरले, तसे बबनशेठ धावत गेले आणि आनंदाच्या भरात तापलेल्या इंजिनालाच हात लावून बसले. बोटे भाजली, तरी हसत होते.

हा लेख मी काल त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "समदं बरोबर लिव्हलंस. पर एक तुला ठावं न्हाई. त्या जत्रंत सर माइकवर बोलत व्हते तवा मी शर्यतीच्या घाटाकडं बघितलं. समोरच्या ट्रॉलीत, अगदी फुडं, आपली ल्हानगी शैला बसली व्हती. इमान तिकडूनच फिरनार व्हतं. सर बरोबर हायेत हे मला तवाच उमगलं. म्हनूनच त्यांच्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली न्हाई. लोकं म्हनली राग हाय, म्या म्हनलं असू दे राग."

इतकी वर्षे मीही तो रागच समजत होते. रात्री शैलाला फोन करून सांगितले. ती आता दोन मुलांची आई आहे. ती म्हणाली, "आई, सरांना माझा नमस्कार लिही." तो इथे लिहिते आहे. त्याखाली आम्हा दोघांचाही नमस्कार. सोनवणे सर, आपणांस उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि आपला शब्द मानायची बुद्धी आम्हाला वेळेवर होत राहो.