काकूंची हरकत

"लागलं गं, विशेष काही नाही. ही लाकडी घरं ना, अंगावर येतात." काकू हे इतक्या सहज सांगायच्या की ऐकणाऱ्याला घराचाच राग यावा. कधी कपाटाचं दार कपाळावर आपटलेलं असे, कधी बेसमेंटचा जिना पाठीत बसलेला. एकदा तर त्या मे महिन्यात ड्राइव्ह-वेवरच्या बर्फावरून घसरल्या. आमच्या श्रूजबरीत मे महिन्यात बर्फ नसतो, हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्यांना हळद लावायला सांगितली.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. बोलायला उभे राहिले की आवाजावर साय धरायची. गणपतीची आरती त्यांनीच सांगायची, नव्याने आलेल्या पोरांना अपार्टमेंट त्यांनीच शोधून द्यायचं. तुमच्याही गावात असे एक काका असतील आणि तुम्हीही त्यांच्याकडे पोटभर जेवला असाल. मी तर कितीदा जेवले. राबायचं काकूंनी, कौतुक काकांचं.

त्यांचा लाडका विषय एकच, खुर्चीत बसलेला कुठला सिटिंग प्रेसिडेंट निवडणुकीत कसा पडला. दोन हजार चारच्या निवडणुकीच्या हंगामात दर शनिवारी त्यांच्या घरी हा तास भरायचा.

"सिटिंग प्रेसिडेंटला बाहेरचा माणूस पाडू शकत नाही," चहाचा कप नाचवत ते सांगायचे. "व्हिएतनाम युद्धाच्या वेळचा घ्या, परत उभाच राहिला नाही. तो शेंगदाणेवाला घ्या, ऐंशी साली पडला. आत्ताच्या प्रेसिडेंट साहेबांचे वडील घ्या. तिघांनाही आधी स्वतःच्याच पार्टीतून कोणीतरी चॅलेंज केलं होतं. घरातलं माणूस उठलं की खुर्ची गेली. यंदा घरातून कोणी नाही, सो ही विल विन. लिहून घ्या माझ्याकडून."

काकू भजी आणायच्या, दाराशी थांबून ऐकायच्या आणि रिकाम्या बशा उचलून आत न्यायच्या.

साहेब निवडून आले. काकांनी स्वतःच जिंकल्यासारखे पेढे वाटले.

त्याच आठवड्यात मंडळाचं दिवाळीचं जेवण होतं, एका चर्चच्या हॉलमध्ये. मी तिथल्या किचनमध्ये फ्रिजच्या उघड्या दारामागे वाकून ताक काढत होते. काकू ओट्याशी वरण ढवळत होत्या. काका आत आले, त्यांनी मागे किचनचं दार लोटलं. वरणाला उशीर झाला होता, एवढंच. ते ओरडले नाहीत. स्टीलचा डाव उचलून त्यांनी काकूंच्या भुवईवर हाणला, मग अंबाडा धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं, दोनदा. नारळ फुटतो तसा आवाज आला. मग त्यांनी हात धुतले, पुसले आणि बाहेर जाऊन ते त्याच सायीच्या आवाजात म्हणाले, "मंडळी, पाच मिनिटांत पंगत."

सिंकमध्ये रक्त ठिबकत होतं. मी फोन काढला, तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"आत्ता नको. लोक बसलेत. तू वरण ने."

"काकू, टाके पडतील याला."

"पडतील. कोणी विचारलं तर कपाट लागलं म्हण."

मी नागपूरची, तोंडाने फटकळ. ते उकळतं वरण पातेल्यासकट त्या माणसाच्या डोक्यावर ओतावं असं मला वाटलं. आजही वाटतं.

जानेवारीत मंडळाची वार्षिक सभा भरली. आमच्याकडे निवडणूक नावालाच असायची. सेक्रेटरी एकच नाव वाचायचे, कोणीतरी सुचवायचं, कोणीतरी अनुमोदन द्यायचं. मग नियमाप्रमाणे, कागदावरची नजर न उचलता, सेक्रेटरी विचारायचे, "कुणाची हरकत?" प्रश्न संपायच्या आधीच टाळ्या सुरू व्हायच्या.

त्या दिवशीही झाल्या. किचनच्या दारात काकू उभ्या होत्या. नाताळात त्यांना गॅरेजचं दार लागलं होतं, म्हणून उजवा हात प्लास्टरमध्ये. तोच हात त्यांनी वर केला.

"माझी आहे."

टाळ्या थांबायला वेळ लागला. "चहाबद्दल का, काकू?" सेक्रेटरींनी विचारलं. थोडे लोक हसले.

"अध्यक्षांबद्दल. हे मला मारतात. हा हात ह्यांनी मोडला. मला हे अध्यक्ष नकोत." आणखी एक पोळी वाढू का, विचारावं तितक्याच साध्या आवाजात.

"काकू, हे पर्सनल आहे. अजेंड्यावर नाही."

"हरकत विचारलीत ना? मग लिहून घ्या."

काका उठले, हसले आणि म्हणाले, "प्रकृतीच्या कारणास्तव मी यंदा उभा राहत नाही."

मी काकूंना सरळ माझ्या गाडीत बसवलं. गाडी सुरू होतेय तोवर काका बर्फ काढायचं फावडं घेऊन धावत आले. पहिल्या घावात समोरची काच तडकली, दुसऱ्यात काकूंच्या बाजूची फुटून त्यांच्या मांडीत सांडली. त्या भगदाडातून हात घालून त्यांनी काकूंचे केस धरले आणि डोकं गाडीच्या चौकटीवर आपटत राहिले, पुन्हा पुन्हा, कानावर. मी हॉर्न दाबून धरला. मघाशी टाळ्या वाजवणारेच पाचसहाजण धावले आणि त्यांनी काकांना बर्फात पाडलं. तोंडात बर्फ गेला तरी काकांच्या घाणेरड्या शिव्या थांबेनात.

पोलीस आले. ऑफिसरने वाकून विचारलं, काय झालं. काकूंच्या कानातून रक्त येत होतं. त्या आता दार लागलं म्हणतात की काय, अशी मला धडकी भरली.

"माय हजबंड," काकूंनी बोट दाखवलं. "ही डिड इट. टुडे अँड एव्हरी टाइम."

हॉस्पिटलमधून त्या परस्पर हर्नडनला बहिणीकडे गेल्या, परत आल्या नाहीत. पुढच्या वार्षिक सभेत "कुणाची हरकत?" विचारून सेक्रेटरींनी पहिल्यांदाच मान वर केली आणि वाट पाहिली. सगळे किचनच्या दाराकडे बघत होते. तिथे कोणी नव्हतं. मला रडू आलं.

उजवा कान गेला तो कायमचाच, म्हणून काकू फोनवर जरा मोठ्याने बोलतात. दोन हजार आठमध्ये त्यांनी बहिणीशेजारीच स्वतःची जागा घेतली, तेव्हा फोन आला. कशी आहे जागा, मी विचारलं.

"लाकडीच आहे गं," त्या म्हणाल्या. "पण अजून एकदाही लागली नाही."