खाडीच्या बांधावरची लढाई

वाशीला उतरलो तेव्हा नुकते उजाडत होते. करमाळ्याहून रात्रभर एस.टी.त बसून पाय आखडले होते. समोरचा रस्ता एवढा रुंद, की पलीकडे कसे जायचे ते न कळून मी पिशवी छातीशी धरून उभा राहिलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आता आमच्याच गावच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. पुण्याच्या माझ्या प्राध्यापकांनी माझे नाव सुचवले, म्हणून सातवाहन आणि क्षत्रप यांच्या लढाईवर निघणाऱ्या एका चित्रपटाने मला सल्लागार म्हणून बोलावले होते. पडद्यावर नाव येणार हे कळल्यापासून आई शेजारीपाजारी सांगत सुटली होती.

"करमाळ्याचे सर ना?" मागून आवाज आला. हे सलीमभाई. चित्रीकरणाची सगळी व्यवस्था यांच्याकडे.

"कसं ओळखलंत?"

"पिशवी अशी धरून इथे नवीनच माणूस उभा राहतो. चला, टेन्शन घेऊ नका. कोणी पळवत नाय."

त्यांची जीप तुर्भ्याच्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत निघाली. सलीमभाई उरणकडचेच. आजोबांचा मिठाचा व्यापार होता. आता मीठ परवडत नाही, म्हणून नातू सिनेमात आला, असे ते हसत म्हणाले. फाट्यावरून वळल्यावर इमारती विरळ झाल्या आणि दोन्ही बाजूंना मिठागरे लागली. मिठाचा हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे चौकोनी वाफ्यांत पावसाचे पाणीच साठलेले होते.

"पण ती लढाई नाशिकच्या बाजूला झाली असं मानतात," मी म्हणालो. "तिथे खाडी नाही."

"नाशिकला एवढं पाणी फुकट मिळत नाय, सर."

मी हसलो खरा, पण तिथूनच मला अस्वस्थ वाटू लागले.

चित्रीकरणाचे गाव दिसण्याआधी दिसला तो बुरूज. लाकडी, तीन मजल्यांचा, खाली बैलगाडीच्या चाकांहून मोठी चाके. नदीकाठच्या नगरीला वेढा पडतो आणि हा बुरूज ओढत सैनिक तटाला भिडतात, असा प्रसंग होता. मी गेलो तो थेट दिग्दर्शकांकडे. त्यांना सगळे 'दादा' म्हणत. पन्नाशीचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगितले, की त्या काळच्या कोरीव शिल्पांत वेढ्याची दृश्ये आहेत. तटावरचे धनुर्धर आहेत, हत्ती आहेत, रथ आहेत. चाकांवरचा असा बुरूज कुठे नाही. सैनिकांच्या डोक्यावरचे तुऱ्याचे पत्र्याचे टोपही नाहीत, पागोटी आहेत.

"सगळ्यांना पागोटी दिली तर कोण कोणाचा ते कळेल?" दादा म्हणाले. "दोन्हीकडची माणसं एकाच गावची आहेत. रंगही तोच, नाकही तेच. म्हणून एका सैन्याला लाल तुरा, दुसऱ्याला निळा. आणि बुरूज काढला तर माणूस तिकीट कशाला काढेल? घरी बसून तुमचं पुस्तक वाचेल."

"वाचलं तर बरंच आहे."

ते हसले. मग म्हणाले, "सर, पुरावा नाही म्हणजे नव्हताच, असं छातीठोक सांगाल?"

मला प्राध्यापकांची शिकवण आठवली. "छातीठोक नाही सांगता येणार," मी म्हणालो.

"मग झालं तर," ते म्हणाले आणि उठले.

माझी राहायची सोय हिराजीकाकांकडे होती. हे आगरी कुटुंब. भात आणि मीठ यांवर चालणारे घर. काकूंनी तांदळाची भाकरी आणि निवट्यांचे कालवण वाढले. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. मी ज्वारीच्या मुलखातला. माझे ताटाकडे बघत राहणे काकूंच्या लक्षात आले.

"खा मास्तर. मेलाय तो, उडनार नाय," त्या म्हणाल्या.

निवट्या चविष्ट होत्या. मी दुसऱ्यांदा मागून घेतल्या, तेव्हा काकूंनी मला घरातला मानले असावे.

जेवण झाल्यावर हिराजीकाका मला बांधावर घेऊन गेले. तिथे माझी चप्पल चिखलात रुतली ती कायमची. एक पाय अनवाणी घेऊनच मी पुढचे सगळे पाहिले. बांध मातीचा, माणसाहून थोडा उंच. एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला, भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली, पिवळा पडत आलेला भात. आठवडाभरात कापणी होणार होती.

"यो बांध हाय म्हनून गाव हाय," काका म्हणाले. "खारं पानी एकदा आत आलं तं ह्या वर्साचा भात ग्येलाच, पुढची दोन-तीन वर्सां बी जमीन काय देत नाय."

बांधाला भगदाड पडते त्याला इथे 'खांड' म्हणतात. खांड गेल्याची हाक ऐकू आली, की प्रत्येक घरातून एकाने हातातले काम टाकून यायचे. शेत कोणाचे हे विचारायचे नाही. गावातल्या वरच्या आणि खालच्या आळीचे देवळाच्या जागेवरून पटत नव्हते. एकमेकांच्या लग्नालासुद्धा जात नव्हते. सलीमभाईंनी नेमकी वरची आळी लाल सैन्यात आणि खालची निळ्या सैन्यात घातली होती. "मारामारी शिकवावी लागली नाय," असे ते सांगत.

"पण खांड ग्येली तं दोनी आळ्या येतात," काका म्हणाले.

चिखलात बुरूज चालेना, म्हणून तो बांधावरून ओढायचे ठरले होते. गावच्या पंचांनी एका अटीवर परवानगी दिली होती: पुनवेच्या उधाणाचे (मोठ्या भरतीचे) दिवस आहेत, तेव्हा ओहोटी असतानाच बुरूज चढवायचा आणि पाणी चढायच्या आत उतरवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीत बुरूज बांधावर चढला. लाल आणि निळे तुरे समोरासमोर उभे राहिले. पण चित्रीकरण सुरू होईना. आधी ऊन नव्हते. मग घोडा बिथरला. मग सगळे तयार झाले, तरी दादा खाडीकडे बघत नुसते बसून होते. पाणी हळूहळू चढत होते. खालचा काळा चिखल झाकला गेला, मग खुरटी झुडपे बुडाली.

हिराजीकाका लाल तुऱ्याचा टोप काखेत धरून माझ्याकडे आले. "मास्तर, त्यानला सांगा. तुमचा ऐकतील. पानी बांधाच्या कमरंला आला."

मी दादांकडे गेलो. ते कशाची वाट पाहत होते ते तेव्हा कळले. भरलेल्या पाण्यात बुरुजाचे प्रतिबिंब हवे होते.

"दादा, अट ओहोटीची होती."

"पंधरा मिनिटं. असं पाणी पुन्हा पंधरा दिवस मिळणार नाही."

"तो बुरूज त्या लढाईत नव्हताच. काढला तरी काही बिघडत नाही. त्याच्यासाठी ह्यांचा भात जाईल."

"सर, इतिहासाचं तुम्ही बोला. बांधाचं सलीम बघेल."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. पायाने ते माती दाबून बघत होते. "दादा, माती नरम लागते," ते एवढेच म्हणाले.

दादांनी हात वर केला. नगारे वाजले, दोन्ही सैन्ये शेतापलीकडच्या माळावर एकमेकांवर धावली आणि बांधावर बुरूज हलला. खरे सांगतो, ते दृश्य असे होते की क्षणभर मीही सगळे विसरलो. पाण्यात उलटा दुसरा बुरूज चालत होता. मग खाडीकडचे चाक खचले. आवाज काही आला नाही. बुरूज नुसता झुकला आणि थांबला, दोर धरलेली माणसे मागे सरली. चाकाखालून, भाताच्या बाजूला, तांब्यातून पडावी तेवढी पाण्याची धार निघाली. बघता बघता ती घागरीएवढी झाली.

"खांड ग्येली."

हाक दोर धरलेल्या हिराजीकाकांची होती. माळावर जो जिथे होता तिथे थांबला. नंतर लाकडी तलवारी पडल्याचा आवाज आला आणि लाल-निळे सगळे बांधाकडे धावत सुटले. टोपांवरचे तुरे वाऱ्यावर, छातीवर पत्र्याची चिलखते, आणि हातात फक्त ढाली. ढाली त्यांनी टाकल्या नाहीत, कारण त्यांत माती भरता येत होती.

"कॅमेरा बंद करू नका," दादा म्हणाले.

माती टाकली की वाहून जात होती. दोन्ही आळ्यांनी साखळी धरली. लाल तुऱ्याने भरलेली ढाल निळ्याच्या हातात जायची. पण मातीला धरून ठेवणारे काही हवे होते. घरांकडून फळ्या आणायला वेळ नव्हता. काकांनी बुरुजाकडे पाहिले. पाण्याचा जोर इतका होता की भाताच्या पहिल्या ओळी आडव्या झाल्या होत्या.

"त्याला हात लावायचा नाही," दादांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "उद्याचा सगळा शॉट त्याच्यावर आहे."

कोणी हलले नाही. दिवसाची मजुरी देणारा माणूस तो होता. मी बांधावर चढलो आणि खालच्या मजल्याचा दोर सोडू लागलो. गाठ ओली होती, सुटेना.

"सर, तुम्ही सल्लागार आहात. बाजूला व्हा."

"सल्ला देऊन झाला," मी म्हणालो.

माझ्या हाताशेजारी दुसरे हात आले. सलीमभाईंचे. त्यांनी खिशातला चाकू काढून दोर कापला. मग विचारायचे काही उरलेच नाही. फळ्या, खांब, चाके, जे सुटेल ते खांडीत उभे रोवले गेले आणि त्यामागे चिखल पडू लागला. मी कमरेइतक्या पाण्यात एक खांब धरून उभा होतो. समोर खालच्या आळीचा एक जण खांदा लावून होता. "नीट धर ना, मास्तर. फळा नाय तो," तो म्हणाला. पाणी आणखी चढले, बांधाच्या माथ्याला टेकले आणि तिथेच थबकले. मग काकांनी खाडीकडे बोट केले. तरंगणारा पाचोळा आता समुद्राकडे जाऊ लागला होता.

भात वाचला, बांधालगतची एक पट्टी मात्र गेली. त्यात काकांचाही तुकडा होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी बाकीचे पीक, थोडे हिरवे होते तरी, कापायला घेतले. दोन दिवसांनी वरची आणि खालची आळी पुन्हा एकमेकांशी बोलेनाशी झाली, असे काकू म्हणाल्या.

निघताना दादांनी मला बोलावून घेतले. ते रागावलेले नव्हते. "ती धाव आम्हाला मिळाली," ते म्हणाले. "तशी मला शंभर वेळा सांगूनही करून घेता आली नसती. अखेरच्या लढाईत तीच घालणार. तुमचं नाव ठेवू ना?"

मी विचार करून सांगितले, की ठेवा. त्यांना ते अपेक्षित नसावे. सलीमभाईंनी मला पनवेलला सोडले, आणि अनवाणी पायाकडे बघून रस्त्यात चपलांचा जोड घेऊन दिला.

करमाळ्याला परत आलो तेव्हा आईने पहिला प्रश्न नावाचाच विचारला. नाव का ठेवले, ते मी वाचकांना सांगतो. हा चित्रपट आपल्या गावात येईल तेव्हा बुरूज, टोप, खाडी यांतले काय खोटे ते मला विचारायला लोक येतील. आणि ते सगळे मी सांगेन. पण अखेरच्या लढाईत नगारे वाजू लागतील आणि शेकडो माणसे जिवाच्या आकांताने धावतील, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरून नजर काढून जरा तुऱ्यांकडे बघा. लाल आणि निळे एकाच दिशेला धावत आहेत. त्यांच्या समोर शत्रू नाही.