लाल खिडकीतला आकडा

घडीच्या कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे भिंगामागची घड्यांची पिशवी, मी आता डोळे झाकून बदलतो. शेळीचं पातळ कातडं, आतून काळं कापड, घड्या पाडायला स्टीलची पट्टी. शटर कानाशी धरलं की मळ कुठं बसलाय ते कळतं. हातांबद्दल माझी तक्रार नाही. तोंडाबद्दल आहे.

सात वर्षांपूर्वी शिरूर कासारचे एक म्हातारे फोटोग्राफर बीडला माझ्या घरी आले. नारायणगडाच्या यात्रेत फोटो काढण्यात त्यांची हयात गेलेली. मी त्यांना मामा म्हणायचो. "भात्याला भोकं पडलीत रं, बघ," म्हणून कॅमेरा ठेवून गेले. मागच्या झाकणाला लाल काचेची बारकी खिडकी असते. आत रोल असला तर कितवा फोटो समोर आलाय तो आकडा तिच्यात दिसतो; त्याच्या आधीचे गुंडाळले गेलेले असतात. उघडण्याआधी तिथं बघायचं, हा पहिला धडा. मी बघितलं नाही. उघडलं, तर आत रोल! गपकन लावलं. मग खिडकीत बघितलं. चार.

मामा परत आले तेव्हा म्हणालो, "भोकांतून उजेड शिरला. रोल गेला, फेकून दिला."

ते खालीच बसले. "पहिलाच फोटो तुज्या मामीचा व्हता. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशीचा. तिथनं ती आलीच न्हाई. माजाच आळस. भाता आधी बदलायचा व्हता."

हेच ते पुढं चारचौघांत सांगत राहिले. मी शेजारी बसून चहा प्यायचो.

रोल मी फेकला नव्हता. पूर्ण गुंडाळून काळ्या कागदात ठेवला होता. वर्षभरातच कळलं, की आधी गुंडाळले गेलेले फोटो बहुतेक वाचतात, जातो तो वरचा. पण हे सांगायचं तर झाकण उघडल्याचं सांगावं लागणार. गप्प बसलो. उघडणं ही चूक होती. हे गप्प बसणं चूक नव्हे, पाप.

गेल्या महिन्यात रोल घेऊन शिरूरला गेलो आणि सगळं सांगितलं. मामांनी काळ्या कागदाचं पुडकं हातात घेतलं.

"खिडकीत आकडा कितीचा व्हता?"

"चार."

"मंग ती आत हाय की, येड्या! सात वर्सं कोंडून ठिवली व्हय तिला?"

"मी धुतो रोल, मामा."

"हात चांगले हायेत तुजे. पर तू भायेर थांब."

रोल घेऊन मामा अंधाऱ्या मोरीत शिरले, दार लागलं. आत पाणी ओतल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मग मामा म्हणाले, "आली. कडंला जळलीय जराशी. पदर दिसतोय."

दार मात्र त्यांनी लगेच उघडलं नाही.