डाव्या कानाचा पडदा

"टिंपॅनिक मेम्ब्रेन परफोरेशन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मग मराठीत सांगितलं, "कानाच्या पडद्याला भोक पडलंय."

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. पारनेरकडच्या माझ्या माहेराहून वडिलांबरोबर एस.टी.नं मी नगरच्या दवाखान्यात आले होते. तीन दिवस डाव्या कानात घूं घूं चालू होतं.

बाई इंग्लंडच्या. मराठी सावकाश पण स्वच्छ बोलायच्या. "कशानं झालं?"

"बैलाचं शिंग लागलं." वडिलांनी वाटेत तसंच सांगायला लावलं होतं.

"मग बाहेरही जखम दिसली असती. उघड्या हाताची थप्पड बसली की पडदा असा फाटतो."

वडील खाली बघत राहिले. शेवटी मीच म्हणाले, "मालकांनी मारलं." बाईंनी केसपेपरवर तेच लिहिलं.

उपचार साधा होता. कान कोरडा ठेवायचा, तेल घालायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. पडदा बहुधा आपोआप भरतो, दीड-दोन महिन्यांत. "पण पुन्हा मार बसता कामा नये," बाई वडिलांना म्हणाल्या. "हेही औषधच समजा."

"लोक काय म्हनतील, बाई?" वडील म्हणाले. बाईंनी केसपेपरवर पुढच्या तपासणीची तारीख घातली. मग वडीलच म्हणाले, "कान बरा होईस्तवर न्हाई धाडत."

महिन्याभरात मालक न्यायला आले. वडिलांनी चहा दिला आणि एकटंच परत पाठवलं.

दर पंधरा दिवसांनी तपासणी असायची. बाकावर अर्धा दिवस जाई. तिसऱ्या खेपेला बाईंनी सांगितलं, त्यांच्या देशात काही बायकांनी एक घर उघडलंय. मार खाल्लेल्या बायका मुलं घेऊन तिथं राहतात.

"तिकडंबी मारत्यात?"

"मारतात. आणि दवाखान्यात येऊन त्या म्हणतात, जिन्यावरून पडले."

मला वाटायचं, हे माझ्याच नशिबी आहे. त्या दिवसानंतर तसं वाटेनासं झालं. हे वाचणाऱ्या बायांना एवढंच सांगते, डॉक्टरनं विचारलं तर खरं सांगा.

दोन महिन्यांनी बाईंनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे झणझणणारा लोखंडी चिमटा, कानाशी धरला. भोक बुजलं होतं. बारीक आवाज मात्र आजही कमीच येतो. सासरी मी परत जायचं नाही, हे तेव्हाच ठरलं, आणि वडिलांनीही पुन्हा धाडायचं नाव काढलं नाही.

"त्या घरातल्या बायकांना तुझी हकीकत कळवू का?" बाईंनी विचारलं. "नाव घालणार नाही."

"घाला की. मी काय चोरी केली न्हाई."

बाईंनी कागद पुढं केला. सातवीपर्यंत शिकले होते. माझं नाव लिहिलं, आणि त्यापुढं वडिलांचं.