आमच्या अंगणात खोललेला ट्रक

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. शिलाई मशीनखाली चिंध्या साठतात ना, तसं असतं ते. रोज एखादी पडते, आपण पायानं बाजूला सारतो, आणि एक दिवस वाकून बघावं तर हा ढीग! आमच्या घरात असा ढीग एका पावसाळ्यात साठला, तोही ट्रकखाली.

मी कळंबची. घरीच ब्लाउज-परकर शिवते. ट्रक माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी घेतलेला. त्यांचे गुडघे गेल्यावर तो आमच्या ह्यांच्याकडं आला. हंगामात कारखान्याला ऊस, एरवी मुरूम, विटा, कांदा, मिळेल ते. यंदा ऐन पावसाळ्यात तो रस्त्यातच बसला. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणला आणि अंगणात उभा केला. बारामतीच्या मिस्त्रींना फोन लावला तर ते म्हणाले, "ठिवा आणून. पण नंबर हंगामानंतरच लागंल."

हंगामानंतर ट्रक दुरुस्त होऊन करायचं काय? हे म्हणाले, "मग घरीच खोलतो!"

आबा ओसरीवरून म्हणाले, "खोल की. पण दिवाळीपातुर चालू झाली तर झाली. न्हायतर भंगारवाला बोलावणार."

तेवढ्यात आमच्याकडंच राहून नोकरी करणाऱ्या माझ्या भावानं, नितीननं, आगीत तेल ओतलं. "दाजी, काळजी करू नका. बारामतीला एमआयडीसीत सिक्युरिटीची जागा हाय. मी बोलून ठिवलंय."

ह्यांचा चेहरा असा झाला की बघवेना. "मी गेटवर उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या आत सोडू व्हय?"

असं काम सुरू झालं. हे मुख्य मिस्त्री. नितीन मोबाइलवर व्हिडिओ बघून सल्ले देणार. आणि तिसरे शेजारचे तात्या. गावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर नोकरी करून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं एकच, "इंजिन म्हंजी इंजिन! पाण्याचं काय अन् ट्रकचं काय!"

* * *

पहिला बळी माझी परात.

नट-बोल्ट डिझेलमध्ये धुवायचे म्हणून ह्यांनी न विचारता ती उचलली. मला कळलं तेव्हा परातीत इंजिनाची निम्मी आतडी पोहत होती. मी साबणानं घासली, राखेनं घासली, चिंच लावली. वास काही हटेना. आणि नेमके त्याच दिवशी सुप्याहून आबांचे जुने पाहुणे आले!

दुसरी परात नव्हती. डोळे मिटून पीठ मळलं, भाकरी थापल्या. पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. माझा जीव टांगणीला. दुसरा घास घेतला. मग म्हणाले, "भाकरीला काय येगळाच वास हाय. दळण कुठल्या गिरणीचं?"

 आबा मान वर न करता म्हणाले, "डिझेल इंजिनाची गिरणी हाय."

"तरीच! त्या जुन्या गिरण्यांची चव विजेच्या चक्कीला न्हाय!" म्हणत पाहुण्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

* * *

मग ऑइलचा किस्सा.

इंजिनातलं काळं ऑइल काढून ह्यांनी घमेल्यात ठेवलं होतं. तात्यांच्या घरच्या कमलकाकूंची एक पांढरीशुभ्र कोंबडी आमच्या अंगणात चरायची. ती त्या घमेल्यात पडली. बाहेर आली ती कोळशासारखी! पंख झाडले, तर वाळत घातलेला नितीनचा पांढरा शर्टही ठिपक्याठिपक्यांचा झाला.

संध्याकाळी कमलकाकू आल्या. "माजी पांढरी दिसली का?"

मी कोपऱ्यात बोट दाखवलं. "ती काय!"

"ती काळी हाय. माज्याकडं काळी न्हाय."

"अहो काकू, तीच ती. ऑइलात पडली."

काकू तिच्याकडं बघतच राहिल्या. कोंबडीही काकूंकडं बघत राहिली. दोघींनी एकमेकींना ओळखलं नाही.

मी तिला कपड्यांच्या पावडरनं धुतली, तर ती करड्या रंगाची झाली. मग काकू म्हणाल्या, "आता तर तुजी बी न्हाय अन् माजी बी न्हाय!" तरी कोंबडी खुराड्यात गेली ती काकूंच्याच. तिथल्या कोंबड्यांनी टोचून बाहेर काढली. शेवटी बिचारी ट्रकखालीच राहायला लागली. तिथं सगळे तिच्याच रंगाचे होते.

* * *

सामान आणायचं काम नितीनकडं. वॉटर पंप आणायला तो बारामतीला दुकानात गेला. दुकानदारानं विचारलं, "गाडी कंची?"

"दाजींची."

"तसं न्हवं. इंजिन कुठलं?"

इथंच तर घोटाळा होता. आबांनी इतक्या वर्षांत इंजिन एका गाडीचं टाकलं होतं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, आणि केबिनची दारं तिसरीचीच. नितीननं तिथूनच फोन लावला. आबा आठवून आठवून सांगत होते आणि तो एकेक दुकानदाराला सांगत होता. शेवटी दुकानदारानं हात जोडले. "पाव्हणं, ही गाडी न्हाय, एकत्र कुटुंब हाय! जुना पंप घिऊन या, त्याच्यासारखा शोधून देतो."

नितीनला सुट्टी नव्हती, म्हणून जुना पंप पिशवीत घालून मीच एसटीनं निघाले. पंप फडक्यात गुंडाळला होता, तरी पिशवीतून ऑइल ठिबकायला लागलं. कंडक्टर तिकिटाला आले, खाली बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, लोणच्याचं तेल गळतंय."

मी म्हटलं, "लोणचं न्हाय. वॉटर पंप हाय."

त्यांनी आपल्याच छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, "माणसाचा का?"

* * *

एक दुपार मात्र मला आठवली की अजून हसू येत नाही.

जेवायला हाक मारली तरी हे येईनात. जाऊन बघितलं तर ट्रकखाली उताणे पडलेले. हातात पाना, डोळे उघडे, आणि हालचाल काही नाही. मी घाबरले. वाकून विचारलं, "काय झालं? काय करताय?"

"काय करायचं होतं ते आठवतोय."

मी तिथंच चिखलात बसले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "खोलताना सगळं सोपं वाटलं गं. आता एकेक वस्तू हातात घितो, तर ती कुठली, ते कळत न्हाय. ही गाडी मी रोज चालवली. पण माझ्या वळखीची न्हायच की!"

मी त्यांच्या हातातला पाना काढून घेतला. म्हटलं, "आधी जेवा. भाकरी कुठं घालायची ते तरी ठाऊक हाय न्हवं?"

तेव्हा कुठं बाहेर आले.

* * *

ब्रेकमधली हवा काढायची होती. त्यासाठी एकानं केबिनमध्ये बसून पायानं दाबायचं आणि दुसऱ्यानं खालून स्क्रू ढिला करायचा. तात्या वर बसले, हे खाली गेले. मी ओसरीवर आत्यांचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, पाय तेल लावून चोळत होते.

खालून ह्यांचा आवाज आला, "दाबा!"

मग, "अजून दाबा! धरून ठिवा! धरा! आता सोडा!"

पुन्हा, "दाबा! जोरात दाबा!"

बराच वेळ हे चाललं. ह्यांच्या तोंडाला फेस यायचा बाकी राहिला, पण खालून ना हवा येईना ना ऑइल. इकडं आत्या डोळे मिटून म्हणाल्या, "पोरी, आज काय हात लागलाय तुजा! किती महिन्यांनी पाय हलका झाला."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ह्यांच्या हुकमाप्रमाणं मीच दाबत होते आणि मीच सोडत होते!

हे चिखल झटकत बाहेर आले. केबिनचं दार उघडून बघितलं. तात्या घामाघूम झालेले, पाय थरथरत होते.

"तात्या, तुमी दाबताय तरी काय?"

तात्यांनी खाली बघितलं. "हे काय, हेच की!"

पाय क्लचवर होता.

* * *

आता वायरिंगचं ऐका. हा घोळ सगळ्यात मोठा.

वायरी सोडवताना नितीननं डोकं चालवलं. म्हणाला, "ताई, तुज्याकडच्या रंगीत चिंध्या दे." हॉर्नच्या वायरला निळी, वायपरच्या वायरला पिवळी, दिव्यांना लाल, अशा गाठी मारल्या. कुठली चिंधी कशाची, ते त्यानं ह्यांना पाठ करायला लावलं. पहिल्यांदाच काहीतरी नीट चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वायरी सगळ्या उघड्या! एक चिंधी जागेवर नाही.

हे ओरडले, "कुणी सोडल्या?"

आत्या आतून शांतपणे म्हणाल्या, "मी. किती चांगलं तुकडं ते! ट्रकला बांधून वाया घालवायचं व्हय? वाकळंला लावलं."

आबांसाठी त्या वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, शिवत होत्या. रात्रीतून तुकडे जोडूनही झाले होते. ह्यांनी डोक्याला हात लावला. "आई, निळा तुकडा कंच्या वायरीवरनं काढला?"

"डावीकडच्या. म्हणून डावीकडंच लावलाय बघ."

झालं! वाकळ केबिनमध्ये गेली. हे स्टेअरिंगवर पसरून वाचायला लागले. नितीन म्हणाला, "दाजी, उलटी धरलीय." ती सुलटी केली. मग तात्या म्हणाले, "अगोदरच बरूबर व्हती." असं करत वायरी जोडल्या आणि बॅटरी लावली. हॉर्न दाबला तर वायपर फिरला. वायपर लावला तर मागचे दिवे लागले. आणि ब्रेकवर पाय ठेवला तर हॉर्न असा वाजला, की कमलकाकूंची करडी कोंबडी छपरावर जाऊन बसली!

आत्या तेवढ्यावरही खूश. "वाजला न्हवं? मग माझी वाकळ आणा खाली."

आमच्या ट्रकचा नकाशा आता आबा रोज पांघरून झोपतात.

* * *

शेवटचा किस्सा भंगारवाल्याचा.

दिवाळी झाली. सगळं बसवून झालं होतं, तरी गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं "कट्" वाजायचं आणि गप्प. बॅटरी तात्यांच्या ट्रॅक्टरची लावून बघितली. स्टार्टर काढला, साफ केला, परत बसवला. गल्लीतली माणसं बोलावून ढकलली. "कट्"! कारखान्यावर गाड्यांची रांग लागल्याचं कळलं, त्या दिवशी हे जेवले नाहीत. आबा एवढंच म्हणाले, "बोलावतो मग." ह्यांनी मान हलवली. नितीननं सिक्युरिटीच्या साहेबांना फोन करून टाकला.

इंदापूरहून भंगारवाला आला. जाडजूड, पन्नाशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्यानं ट्रकला एक फेरी घातली, टायरला लाथ मारून बघितली, आणि आत काय काय आहे ते बघायला केबिनमध्ये चढला. आमची सगळ्यांची तोंडं दुसरीकडं. आबा तर भिंतीकडं बघत बसले होते.

आणि अचानक अंगण हादरलं!

धडधडधडधड! सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट निघाला. माझी दोरीवरची सगळी कापडं काळी झाली.  हे धावत गेले आणि बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. इंजिन थरथरत होतं आणि त्याबरोबर हेही.

भंगारवाला घाबरला होता. "मी काय केलं न्हाय हो! नुसती किल्ली फिरीवली!"

त्यानं पटकन बंद केली. हे केबिनमध्ये चढले, किल्ली फिरवली. "कट्."

पुन्हा. "कट्."

तात्या चढले. "कट्." नितीननं व्हिडिओ बघून फिरवली. "कट्." मलाही बसवलं. किल्ली अगदी हळू फिरवली. "कट्."

ह्यांनी भंगारवाल्याला खूण केली. "तुमी बसा बरं."

तो चढला. किल्ली फिरवली. धडधडधडधड!

बंद केली. हे त्याच्याच जागेवर बसले, तो बसतो तसे बसले, किल्लीवर त्याच्यासारखा हात धरला. "कट्." नितीननं त्याच्याएवढं वजन व्हावं म्हणून मांडीवर सिमेंटचं पोतं घेतलं. "कट्." भंगारवाला पुन्हा बसला. धडधडधड!

 कुणाला काही कळेना. भंगारवाला खाली उतरला, घाम पुसला आणि म्हणाला, "आबा, मग न्हेऊ का न्हको गाडी?"

आबा काठी टेकत उठले. ट्रकपाशी गेले. धूर खाली बसेपर्यंत उभे राहिले. मग त्याच्याकडं वळून म्हणाले,

"गाडी ऱ्हाऊ दे. तूच ऱ्हा."