म्हशीवाला शेठ

पाऊस सरला की वलवणच्या धरणावर सकाळचं ऊन अंगाला गोड लागतं, आणि मला नांदेडकडचं आमचं घर आठवतं. आठवीत शाळा सोडलेल्या मला शेठनं चिक्कीच्या दुकानात ठेवून घेतलं, म्हणून दिवाळीची सुट्टी मागायची भीड वाटायची. कामाला जाताना मी वाटेत धरणाकाठी चरणाऱ्या एका म्हशीसमोर सुट्टी मागायचा मोठ्यानं सराव करायचो. तिथं एक म्हशीवाले आबा रोज उन्हाकडं पाठ करून बसलेले असायचे.

एकदा ते म्हणाले, "म्हशीला काय इचारतो? ती कवाच व्हय म्हनली. मला इचार, मी शेठ." आणि घोंगडी सावरून, मिशीवरून हात फिरवून ऐटीत बसले.

"शेठ, दिवाळीला गावी जाऊ का?"

"न्हाई! लय गर्दी हाय."

"बरं शेठ," मी मान खाली घालून म्हणालो.

आबा खोकला लागेपर्यंत हसले. "आरं, मलाच भ्यालास? बरं म्हनू नगंस, निस्ता हुबा ऱ्हा."

त्याच दिवशी खऱ्या शेठनंही गर्दीचंच कारण सांगितलं. मी उभाच राहिलो. धाडस कसलं, पायच हलत नव्हते. शेवटी शेठ वैतागले, "जा बाबा, भाऊबीज करून ये. पण आधी गिऱ्हाइकाच्या वाटेतून बाजूला हो!"